ताशी सव्वासहा किलोमीटर

ब्रेस्टस्ट्रोक म्हणजे बेडकासारखे पाय मारत पोहण्याचा प्रकार. पन्नास मीटरच्या तलावातला त्याचा १०० मीटरचा जागतिक विक्रम ५६.८८ सेकंदांचा आहे. ब्रिटनच्या ॲडम पीटीनं तो जुलै २०१९मध्ये दक्षिण कोरियातल्या ग्वांगजूला केला, आणि तोही फायनलला नाही, सेमीफायनलला. कागदावर हिशेब मांडला तर वेग येतो ताशी सव्वासहा किलोमीटरच्या जरा वर. दादरच्या पुलावरून खाली लागलेली फास्ट गाठायला निघालेला माणूस साधारण याच वेगानं चालतो. पळत नाही, चालतो. आणि अशा तलावात हे अंतर ब्रेस्टस्ट्रोकनं याच्याहून जोरात आजवर कोणीही पोहलेलं नाही.

हे गणित मी भाचीला ऐकवलं तर ती फणकारली. ती ब्रेस्ट मारते. शाळेच्या स्पर्धा मागे पडल्यात, जिल्हा झालाय, आता राज्याची स्वप्नं पडण्याचं वय आहे. "मग तू चालून दाखव ना मावशी, पाण्यातून," म्हणाली. बिनतोड होतं. २६ जुलै २००५ला कमरेएवढ्या पाण्यातून घर गाठलेल्या मुंबईकराला पाण्यातून चालणं म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. पाण्याची घनता हवेच्या आठशेपट. त्यात आडवं व्हायचं, आणि वर दर हातागणिक स्वतःच स्वतःला ब्रेक लावत पुढे जायचं.

अजून एक आकडा सांगते, मग आकडे थोडा वेळ बाजूला ठेवू. जॉनी वाइसम्युलर, जो पुढे पडद्यावर टारझन झाला, त्यानं १९२४मध्ये १०० मीटर फ्रीस्टाइलचा विक्रम ५७.४ सेकंदांवर आणला होता आणि तो दहा वर्षं टिकला. म्हणजे शंभरेक वर्षांपूर्वी जगातला सर्वांत वेगवान माणूस सर्वांत वेगवान प्रकारात जेवढा वेळ घ्यायचा, त्याच्याहून कमी वेळ आज एक माणूस सर्वांत सावकाश प्रकारात घेतो. हे ऐकल्यावर भाची जरा निवळली.

सावकाश का, तर फ्री(स्टाइल), बॅक(स्ट्रोक) आणि (बटर)फ्लाय या तिन्ही प्रकारांत हात पाण्याबाहेरून पुढे येतात. ब्रेस्टमध्ये कोपर पाण्यातच राहिलं पाहिजे असा नियमच आहे. हात पाणी कापत पुढे जातात, आणि त्याच वेळी किक मारण्यासाठी पाय पोटाकडे ओढून घ्यावे लागतात. इथेच घोडं पेंड खातं. मांड्या पाण्याच्या विरुद्ध उभ्या राहतात आणि आत्ताच कमावलेला वेग जवळजवळ सगळा जातो. मग किक, मग पुन्हा वेग, मग पुन्हा तेच. तलावाच्या कडेला उभं राहून नीट पाहिलं तर हे धक्के दिसतात. शिवाजी पार्कच्या महात्मा गांधी तलावात संध्याकाळच्या बॅचला ज्या काकू मान वर ठेवून, शेजारच्या लेनमधल्या काकूंशी गप्पा मारत पोहतात, त्यासुद्धा ब्रेस्टच मारत असतात. त्यांच्यात आणि पीटीत फरक एवढाच, की काकूंना त्या थांबण्यातून सुटायची घाई नाही.

बाकी प्रकारांत मदार मुख्यतः हातांवर असते. ब्रेस्टमध्ये पायांचा वाटा फार मोठा, आणि तोही अशा हालचालीचा, जी माणसाचा पाय एरवी कधी करत नाही. पंजे बाहेरच्या बाजूला वळवायचे, टाचा कुल्ल्यांकडे आणायच्या, आणि गुडघे फार न फाकवता पाणी गोल फिरवून मागे फेकायचं. भाचीचे सर हे पाण्यात शिकवत नाहीत, फरशीवर शिकवतात. काठावरच्या ओल्या लादीवर पोरांना पालथं झोपवतात, एकेकाच्या पायाशी उकिडवे बसतात, दोन्ही पंजे हातात धरतात आणि फिरवतात. "बाहेर... गोल... बंद!" 'बंद'ला दोन्ही टाचा एकमेकींवर आपटल्याचा आवाज यायलाच हवा. नाही आला की पुन्हा. बहुतेक पोरांचा पंजा वळतच नाही, अख्खा पाय मांडीपासून वळतो. सर मग काही बोलत नाहीत, पोराच्या पाठीवर थाप मारून फ्रीच्या लेनकडे बोट दाखवतात.

भाचीचा पंजा वळला. लहानपणापासून ती मांडी घालून कधी बसलीच नाही. दोन्ही पाय बाहेरच्या बाजूंना मुडपून, मधल्या जागेत बसायची, आणि आमची आई ओरडायची, की नीट बस, पाय वाकडे होतील. ते वाकडे होणारे पाय आता कामाला आले. पीटीचंही तसंच आहे म्हणतात; त्याचे गुडघे आणि घोटे चारचौघांपेक्षा जास्त लवतात. म्हणून 'मेहनतीच्या जोरावर' छापाचं काही वाचलं की मला जरा खटकतं. मेहनत आहेच, कोण नाही म्हणतंय. पण ज्याचा घोटा वळत नाही त्यानं जिवाचं रान केलं तरी तो ब्रेस्टमध्ये पीटी होणार नाही, हे कोणीतरी पोरांना वेळेवर सांगायला हवं. आमचे सर सांगतात, तेही न दुखवता.

आणि ज्याचा वळतो, त्याला त्याची किंमतही मोजावी लागते. गुडघ्याच्या आतल्या बाजूचा लिगामेंट या किकनं इतका ताणला जातो, की डॉक्टरांकडे या दुखण्याला ब्रेस्टस्ट्रोकरचा गुडघा असंच नाव आहे. ताईच्या घरी फ्रीजरमध्ये मटारचं एक पाकीट असं आहे, की जे कधीही शिजत नाही. सराव झाला की ते टॉवेलात गुंडाळून गुडघ्यावर, आणि मग परत फ्रीजरमध्ये.

पोहण्याच्या चारही प्रकारांत पंचांची सर्वांत करडी नजर ब्रेस्टवर असते, आणि त्याला कारण आहे. या प्रकाराचा इतिहास म्हणजे पोहणाऱ्यांनी पळवाट काढायची आणि नियम करणाऱ्यांनी ती बुजवायची, असा आहे. हात पाण्यावरून पुढे आणायची युक्ती कोणी काढली, तिचा पुढे बटरफ्लाय झाला आणि १९५०च्या दशकात तो वेगळा प्रकार म्हणून बाजूला काढावा लागला. १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये जपानच्या मासारू फुरुकावानं २०० मीटरचा बराचसा भाग पाण्याखालूनच काढला आणि सुवर्ण नेलं, कारण पाण्याखाली विरोध कमी. लगेच नियम आला, की डोकं वर दिसलं पाहिजे. अथेन्समध्ये २००४ला जपानच्याच कोसुके किताजिमानं १०० मीटर जिंकली तेव्हा अमेरिकनांनी ओरडा केला, की यानं पाण्याखाली चोरून डॉल्फिन किक मारली, म्हणजे दोन्ही पाय जोडून शेपटीसारखे मारले. निकाल काही बदलला नाही, बदलला तो नियम. पुढच्याच वर्षी स्टार्टनंतर आणि प्रत्येक टर्ननंतर अशी एक किक अधिकृत झाली. मग लंडनमध्ये २०१२ला ५८.४६चा विश्वविक्रम करून सुवर्ण घेतलेल्या कॅमरन व्हॅन डर बर्गनं नंतर सरळ कबूल केलं, की एकाहून जास्त मारल्या, सगळेच मारतात, मी न मारून मागे कशाला राहू. मला या कबुलीजबाबाचा राग यायला हवा, पण येत नाही. किताजिमाचं मात्र वाईट वाटतं. त्यानं अथेन्स आणि बीजिंग, दोन्हीकडे १०० आणि २०० दोन्ही जिंकल्या, एवढं कोणाही ब्रेस्टवाल्याला जमलेलं नाही, आणि तरी चर्चा त्या एका किकचीच.

पोरांच्या स्पर्धांत डॉल्फिन किकपर्यंत प्रकरण जात नाही. तिथे टर्नला दोन्ही हात एकदम भिंतीला लागले का, एवढंच बघतात. भाचीचा एकदा उजवा हात डाव्याच्या निमिषभर आधी लागला. काठावरच्या बाईंनी हात वर केला. पोर पाण्यात, तिला पत्ताच नाही. ती उरलेली लेन जीव तोडून पोहली, पहिली आली, बोर्डाकडे बघून हसली आणि नावापुढे 'डीक्यू' वाचलं, म्हणजे बाद. घरी येईस्तोवर गाडीत कोणी बोललं नाही.

पीटीच्या बाबतीत अशी कुरकुर फारशी झाली नाही. तो इतक्या पुढे असायचा, की किक मोजून काय करणार?

इंग्लंडच्या मधोमध उटॉक्सिटर नावाचं छोटं गाव आहे, तिथला हा. डिसेंबर १९९४चा जन्म, चार भावंडांत धाकटा. लहानपणी बाथटबला घाबरायचा, कारण मोठ्या भावांनी सांगितलं होतं, की मोरीच्या भोकातून शार्क येतात. (धाकट्या भावंडांशी असं वागणं ही जागतिक परंपरा दिसते. मला ताईनं विहिरीत मगर असल्याचं सांगितलं होतं.) डर्बीच्या क्लबात चौदाव्या वर्षी मेल मार्शल या प्रशिक्षकाच्या हाती लागला. ती स्वतः ऑलिम्पिक खेळलेली. याची फ्री तिला काही खास वाटली नाही, ब्रेस्ट बघितली आणि ती थांबली. मग पहाटे चारला उठून याला गाडीनं डर्बीला नेऊन सोडणारी आई. २०१२च्या लंडन ऑलिम्पिकच्या वेळी हा सतरा वर्षांचा होता आणि मित्रांबरोबर दारू प्यायला निघाला होता. तेव्हा कळलं, की आपल्याच बरोबरीचा, आपण ओळखतो तो एक पोरगा ऑलिम्पिकच्या सेमीफायनलला पोहोचलाय. तिथून गडी बदलला. २०१४च्या ग्लासगो राष्ट्रकुलात त्यानं व्हॅन डर बर्गलाच हरवलं. एप्रिल २०१५मध्ये ५७.९२, ५८ सेकंदांच्या आत येणारा जगातला पहिला माणूस.

त्याच २०१४मध्ये इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत दिल्लीच्या संदीप सेजवालनं ५० मीटर ब्रेस्टमध्ये भारतासाठी कांस्य मिळवलं होतं. आपल्याकडे याची आठवण किती जणांना आहे, कोण जाणे. आणि त्याच्याही आधी, १९५२ला हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये भारतातर्फे २०० मीटर ब्रेस्टला दोन मुली उतरल्या होत्या: आपल्या मुंबईची डॉली नझीर आणि कोलकात्याची आरती साहा. आरती तेव्हा बारा वर्षांचीही पुरती नव्हती. सात वर्षांनी तिनं इंग्लिश खाडी पोहून पार केली, ते मात्र सगळ्यांना माहीत असतं.

तर पीटी. रिओत २०१६ला त्यानं काय केलं, हे बघताना शेजारच्या लेनकडे बघायचं. तो ५७.१३ला भिंतीला लागला, दुसरा आलेला व्हॅन डर बर्ग ५८.६९ला. दीड सेकंदाहून जास्त अंतर, म्हणजे पाण्यात अडीच मीटरच्या वर. १०० मीटरच्या ऑलिम्पिक फायनलला इतकं अंतर पडत नसतं. कॅमेरा सगळ्यांना एका चौकटीत घ्यायला मागे सरकत होता. इतर लोक लांबवर सरकण्यासाठी हात पुढे ताणून थांबतात, त्याला ग्लाइड म्हणतात. पीटी थांबायचाच नाही. फ्लायवाल्याच्या गतीनं हात मारत सुटायचा. पुस्तकात शिकवलेली ब्रेस्ट ती नव्हतीच.

२०१४पासून पुढची आठ वर्षं १०० मीटरला त्याला कोणी हरवू शकलं नाही. सर्वकालीन सर्वोत्तम वेळांची यादी काढली की पहिल्या दहा ओळींत दहाही वेळा एकच नाव. वाचायला छान वाटतं. पण मला ती यादी बघून कसंसंच होतं. स्पर्धा म्हणजे शेवटी दुसरं कोणीतरी असणं. इथे दुसरं कोणी नव्हतंच, मग त्यानं आणि मार्शलनं घड्याळालाच समोर उभं केलं. 'प्रोजेक्ट ५६' असं नाव दिलं: ५७च्या आत यायचं. ग्वांगजूत आला. झालं, आता? घड्याळ हरलं असं वाटतं, पण ते पुढच्या वेळी पुन्हा शून्यावरून सुरू होतं, आणि त्याला दमायला होत नाही.

टोकियोत ५७.३७नं पुन्हा सुवर्ण. ऑलिम्पिकचं विजेतेपद राखणारा पहिला ब्रिटिश जलतरणपटू, शिवाय मिश्र रिलेचं सुवर्ण. इथे माझ्याकडे लिहिण्यासारखं फार नाही. तो जिंकणार होता आणि जिंकला.

मग २०२२ला पायाचं हाड मोडलं. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुलाला तसाच उतरला आणि १०० मीटरला चौथा आला. चौथा! पुढच्या वर्षी त्यानं राष्ट्रीय स्पर्धेतून नाव मागे घेतलं आणि आपलं मन ठिकाणावर नाही हे जाहीरपणे सांगितलं. नैराश्य, दारू, काहीच लपवलं नाही. तो बाहेर असताना चीनच्या चिन हाययांगनं २०२३च्या जागतिक स्पर्धेत ५०, १०० आणि २०० अशी तिन्ही सुवर्णं नेली. घड्याळाऐवजी आता समोर माणसं होती, आणि ती याच्या पुढे होती.

२०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकची फायनल आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेल्यावर होती. दुसऱ्या दिवशी भाचीची शाळा, माझं ऑफिस, बाहेर पावसाची संततधार. ताई झोपली, आम्ही दोघी फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून बसलो. आदल्या दिवशी सेमीफायनलला पीटी ५८.८६, सगळ्यांत पहिला. "हा नेहमी सेमीलाच भारी मारतो," भाची म्हणाली. मला वाटलं, उगाच बोलतेय. पण १०० मीटरचा विश्वविक्रम सेमीचा, ५० मीटरचा २५.९५चा विक्रमही २०१७च्या बुडापेस्टमधल्या सेमीचाच. रिओत तसं झालं नव्हतं, तिथे हीट्सला, म्हणजे पहिल्या फेरीलाच, विक्रम केला आणि फायनलला तोही मोडला. पण तिचं निरीक्षण अगदीच टाकाऊ नव्हतं.

फायनल फार वेगवान झाली नाही. कोणीच सुटून पुढे गेलं नाही. शेवटच्या पंधरा मीटरला फोनच्या त्या एवढ्याशा पडद्यावर आठ टोप्या जवळजवळ एका रेषेत दिसत होत्या आणि आम्ही दोघी चौथ्या लेनकडे बघत होतो. सातव्या लेनकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. तिथून इटलीचा निकोलो मार्तिनेंगी ५९.०३ला भिंतीला लागला. पीटी ५९.०५. आणि अमेरिकेचा निक फिंकही बरोबर ५९.०५, म्हणून रौप्य दोघांत. दोन शतांश सेकंद. या वेगाला त्याचे होतात साडेतीन सेंटीमीटर, म्हणजे एखाद्याची बोटं पूर्ण ताणलेली आणि एखाद्याची जराशी वाकलेली असावीत, इतकंच. सेमीची वेळ त्यानं पुन्हा मारली असती तर सुवर्ण त्याचं होतं.

दुसऱ्या दिवशी बातमी आली, की त्याला कोविड निघाला.

शर्यत संपल्यावर त्यानं लहान लेकाला मिठी मारली, मुलाखती देताना रडला, आणि म्हणाला, की दुसरा आलो म्हणून हे रडू नाही, इथवर यायला काय काय लागलं त्याचं आहे. मला हे पटलं. मी भाचीला म्हटलं, की मला ही शर्यत रिओपेक्षा आवडली. रिओत तो एकटाच पोहत होता. इथे कोण जिंकेल हे शेवटच्या बोटापर्यंत ठरलेलं नव्हतं, आणि मोडलेल्या पायानंतर, त्या सगळ्या काळोखानंतर तो पुन्हा रेषेत आला होता.

"मावशी, सिल्व्हर म्हणजे हरणंच," ती म्हणाली. "तू काहीतरी छान छान बोलतेयस."

तिच्याशी वाद घालता घालता मी थांबले, कारण मला समोर तो 'डीक्यू' लिहिलेला बोर्ड आठवला. जिची पहिली जागा निमिषभरासाठी गेलेली आहे, तिला साडेतीन सेंटीमीटरचं कौतुक मी कसं सांगणार? तरी माझं मत बदललेलं नाही. तिचंही नाही. आमच्यात हा विषय निघाला की ताई भाजी निवडायचं काम काढून स्वयंपाकघरात जाते.

आता २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर ब्रेस्टही आलीय. इतकी वर्षं ऑलिम्पिकला ५० मीटर फक्त फ्रीची असायची. पीटी तेव्हा तेहतीस वर्षांचा असेल आणि त्याला तिथे जायचं आहे. ही बातमी मला भाचीनंच दिली. शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि पहिली ओळ हीच. तिच्या मते ५० मीटर हा ब्रेस्टमधला एकमेव शहाणा प्रकार आहे, कारण त्यात टर्नच नाही. टर्न नाही म्हणजे अर्धी कटकट गेली. "पीटीचंही बरं, माझंही बरं," म्हणाली.

"आणि सर काय म्हणतात?" मी विचारलं.

सर म्हणतात, की या वयात पन्नासचा विचारही करायचा नाही, आधी दोनशे मारायची. दोनशे मारल्याशिवाय ब्रेस्ट कळत नाही. पन्नास मीटरच्या तलावात दोनशे म्हणजे तीन टर्न. त्यामुळे सध्या ताईच्या घरात दोनशे हा आकडा उच्चारायला बंदी आहे. परवा मी वाण्याकडून आणायच्या रव्याचं माप सांगताना चुकून बोलून गेले, तर मटारचं पाकीट गुडघ्यावर धरून बसलेल्या पोरीनं माझ्याकडे असं काही बघितलं, की मी अर्धा किलोच आणला.